.२२ ची हॉलो पॉइंट कधी उघडते, कधी नाही, आणि आपल्या जेल टेस्टमधून नक्की काय कळतं

प्रश्न थोडक्यात असा होता, की एकाच डब्यातली ३६ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) .२२ एलआर हॉलो पॉइंट, म्हणजे नाकात भोक असलेली गोळी, रायफलमधून पारदर्शक जेलच्या ब्लॉकमध्ये मारली तर नाक पसरून छान मशरूम झाली, तीच छोट्या पिस्तुलातून मारली तर जशीच्या तशी निघाली, पाण्याच्या कॅनमध्ये मात्र पिस्तुलातलीसुद्धा थोडीफार उघडली, आणि पुढे डेनिमचे चार पदर लावले तर रायफलमधली पण कधी उघडली कधी नाही. मग डबा खराब, का जेल खराब, का या कॅलिबरमध्ये हॉलो पॉइंट म्हणजे नुसती जाहिरात?

यातलं काहीच नाही. तुमचे चारही निकाल एकमेकांशी नीट जुळतात, फक्त तुम्ही वेग मोजलेला नाही म्हणून ते विचित्र दिसतायत. छोट्या कॅलिबरमध्ये गोळी उघडणार की नाही हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे जेलला टेकताना तिचा वेग किती होता, आणि बाकी सगळं म्हणजे ब्रँड, डब्यावरचं चित्र, नाकाचा आकार, हे त्याच्यानंतर. क्रोनोग्राफचा, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा सोबत नसलेला मशरूमचा फोटो मी तरी बघून सोडून देतो.

आता हे का ते बघू. हॉलो पॉइंट उघडते ती कशाला आपटून नाही, तिच्या नाकातल्या भोकात समोरचा द्रव किंवा जेल घुसतं आणि आतून भिंतींना बाहेर ढकलतं. हा दाब घनता गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, एवढा साधा हिशोब आहे. १२६० फूट/सेकंद म्हणजे ३८४ मीटर/सेकंद, पाण्यात त्याचा दाब येतो साधारण ७४ मेगापास्कल. तीच गोळी आखूड नळीतून ९०० फूट/सेकंदने निघाली, म्हणजे २७४ मीटर/सेकंद, तर दाब ३८ च्या आसपास. वेग तीस टक्क्यांच्या आतच कमी झाला पण दाब जवळजवळ निम्मा झाला, कारण वर्ग आहे ना. आणि ३२ ग्रेनची सीसीआय कंपनीची स्टिंगर घ्या, डब्यावर १६४० फूट/सेकंद लिहिलेलं असतं, तिथे हाच हिशोब १२५ वर जातो, म्हणून ती लाइट वेट गोळी नाकापासून फाटून जाते आणि मागे कधी कधी नुसता तुकडा मिळतो. एकाच व्यासाची गोळी, एकाच जातीचं शिसं, आणि तीन पूर्ण वेगळे निकाल.

डब्यावरचा आकडा कुठून येतो हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. .२२ एलआरचा स्टँडर्ड वेग २४ इंची टेस्ट बॅरलमधून मोजलेला असतो. या काडतुसात पावडरच एक-दोन ग्रेन असते, ती लवकर जळून संपते, त्यामुळे १६ ते १८ इंचाच्या पुढे नळी लांब करून फारसा फायदा होत नाही, पण उलट बाजूला नळी जसजशी आखूड तसतसा वेग झपाट्याने पडतो. दोन-तीन इंची पिस्तुलातून १२६० वाली गोळी ९०० च्या आसपास आली तर त्यात नवल काहीच नाही, आणि रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर आणि बॅरलमधल्या फटीतून अजून थोडा गॅस निघून जातो. म्हणजे तुम्ही पिस्तुलातून मारलात तेव्हा डब्यावर लिहिलेली गोळी मारलीच नाहीत, वेगळीच मारलीत.

हीच गोष्ट अंतरालाही लागू, आणि इथे जवळपास सगळे हौशी टेस्टवाले गंडतात. ब्लॉक नळीपासून दहा फुटांवर ठेवायचा, मशरूमचा फोटो काढायचा, आणि मग तीच गोळी सशाच्या शिकारीला पन्नास यार्डांवर वापरायची. .२२ ची गोळी हवेत फार लवकर वेग गमावते, १२६० ने निघालेली ३६ ग्रेनची गोळी ५० यार्डांवर १०७० च्या आसपास असते आणि शंभरवर हजाराच्या खाली. तुम्हाला ५० यार्डांवरचं वागणं बघायचं असेल तर ब्लॉक ५० यार्डांवर ठेवा. ब्लॉकच्या तोंडाला लागायला पाहिजे म्हणून बायपॉड आणि स्कोप लागेल, कटकट आहे, पण दुसरा प्रामाणिक रस्ता नाही.

आता माध्यमाचं बघू, कारण तुमचा सगळ्यात इंटरेस्टिंग निकाल तिथेच आहे, पाण्यात उघडली आणि जेलमध्ये नाही.

तुमचं पारदर्शक जेल म्हणजे खरं ऑर्डनन्स जिलेटिन, म्हणजे गोळ्यांच्या चाचणीचं प्रमाणित जिलेटिन, नाही. ते मिनरल ऑइल आणि पॉलिमरचं बनतं, खोलीच्या तापमानाला टिकतं, वितळवून परत ओतता येतं, आरपार दिसतं, व्हिडिओला झक्कास. पण ते पाण्यापेक्षा हलकं असतं, आणि वरच्या हिशोबात घनता आहे हे लक्षात घ्या, म्हणजे त्याच वेगाला नाकातला दाब थोडा कमी. उघडण्याच्या अगदी उंबरठ्यावर असलेली गोळी पाण्यात उघडेल आणि या जेलमध्ये नाही उघडणार, तुमची पिस्तुलातली गोळी बरोब्बर तिथे आहे. शिवाय हे जेल रबरासारखं लवचिक असल्यामुळे गोळी पुढे जाते, थांबते आणि जेल तिला थोडं मागे ढकलतं, तर खोली मोजताना गोळी जिथे सापडली तिथपर्यंत न मोजता मार्गाच्या शेवटच्या टोकापर्यंत मोजा. दिवा बाजूने धरला की गोळीच्या पुढे एक बारीक रिकामी रेघ दिसते, तीच ती.

खरं जिलेटिन म्हणजे वजनाने १० टक्के, २५० ब्लूमचं (ब्लूम म्हणजे जिलेटिनच्या घट्टपणाचं माप), ४ अंश सेल्सिअसला ठेवलेलं. ही पद्धत अमेरिकेच्या सैन्यातले सर्जन मार्टिन फॅकलर यांनी पक्की केली, आणि तिचा जीव आहे कॅलिब्रेशनमध्ये. .१७७ ची स्टीलची बीबी, म्हणजे एअरगनची छोटी गोल गोळी, ५९० फूट/सेकंदने, पंधरा इकडे-तिकडे, ब्लॉकमध्ये मारायची आणि ती ८.५ सेंटिमीटर, एक इकडे-तिकडे, एवढी आत गेली पाहिजे. दहा-अकरा गेली तर ब्लॉक मऊ आहे, सहा गेली तर कडक. हे न करता केलेल्या टेस्टमधली इंचं दुसऱ्याच्या इंचांशी लावून बघण्यात काही अर्थ नाही. कॅलिब्रेशनला एक बीबी गन आणि क्रोनोग्राफ एवढंच लागतं, तरी दहातले नऊ जण करत नाहीत, का ते देव जाणे. पारदर्शक जेलमध्ये पण बीबी मारा. ती ऑर्डनन्स जिलेटिनच्या आकड्याला पास होईलच असं नाही, पण निदान तुमचा हा ब्लॉक मागच्या ब्लॉकसारखा आहे का ते कळेल, चार-पाच वेळा वितळवलेलं जेल वेगळं वागायला लागतं.

जिलेटिन स्वतः बनवणार असाल तर एक किलो पावडरला नऊ किलो पाणी, पावडर आधी थंड पाण्यात भिजू द्यायची, मग हळूहळू गरम करायचं, आणि उकळी तर सोडाच पण हात घालवणार नाही इतकंही तापवायचं नाही, जास्त तापलं की जिलेटिनची साखळी तुटते आणि ब्लॉक मऊ पडतो, मग बीबी दहा-अकरा सेंटिमीटर जाते आणि तुम्ही डोकं खाजवत बसता. ढवळताना जोरात फिरवलंत तर फेस अडकतो आणि आतलं काही दिसत नाही. दालचिनीच्या तेलाचे चार थेंब टाकतात, त्याने फेसही बसतो आणि बुरशीही लवकर येत नाही, फक्त फ्रिज आठवडाभर वास मारतो. फ्रिजमधून काढल्यावर वीसेक मिनिटांत काम उरकायचं, कडेचा थर तापला की पहिले दोन-तीन इंच वेगळे वागतात आणि .२२ च्या गोळीचा सगळा खेळ त्याच दोन-तीन इंचांत होतो.

पाण्याचे कॅन वाईट नाहीत. गोळी उघडते का आणि किती, हे बघायला पाणी स्वस्त आणि चांगलं आहे, उलट ते दर वेळी सारखंच असतं, कॅलिब्रेशनची गरज नाही. पण खोली बघायला ते निरुपयोगी, कारण पाण्यात गोळी जेलपेक्षा बरीच खोल जाते आणि कॅनची रुंदी पंधरा सेंटिमीटर असली तर तुमची फूटपट्टीच पंधरा सेंटिमीटरच्या खुणांची झाली. कॅन फुटून पाणी किती उंच उडालं यावरून ताकद ठरवणारे पण असतात, त्यांना काय बोलणार. माती आणि साबणाचा घोळ वेगळाच, त्यात गोळी जाताना झालेला तात्पुरता पोकळ भाग तसाच राहतो, जेलसारखा परत मिटत नाही, म्हणून .२२ ने पण मुठीएवढं भगदाड दिसतं आणि लोक थक्क होतात. ओली वर्तमानपत्रं म्हणजे तर नुसतं घर्षण, जेलमध्ये बंद राहिलेली गोळी तिथे चपटी होऊन निघते.

डेनिमचं काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघा म्हणजे प्रश्नच मिटेल. ब्लॉकमधून काढलेली न उघडलेली गोळी धुवायच्या आधी भिंगाखाली धरा आणि टाचणीने नाकातलं भोक उकरा, आतून निळ्या धाग्यांची घट्ट गोळी निघते. .२२ च्या नाकातलं भोक म्हणजे जेमतेम काडेपेटीच्या काडीएवढं, त्यात कापडाचं बूच बसलं की द्रवाला आत शिरायला जागाच नाही आणि हॉलो पॉइंट साध्या गोळीसारखी पुढे जाते. कधी बूच पूर्ण बसतं कधी अर्धवट, म्हणून तुमचा निकाल कधी हो कधी नाही आला. मोठ्या कॅलिबरच्या नवीन गोळ्यांत यावर बरंच काम झालंय, भोकात रबरासारखं पॉलिमर भरतात वगैरे, पण पावणेसहा मिलिमीटरच्या शिशाच्या गोळीत खेळायला जागाच किती.

आता उघडली म्हणजे चांगली, हे जे गृहीत धरलं जातं त्याकडे येतो. ३६ ग्रेन म्हणजे २.३ ग्रॅम. गोळीचा व्यास ५.७ मिलिमीटर, उघडून ८ झाला तर समोरचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होतं, म्हणजे विरोधही त्याच मापाने वाढतो, आणि ढकलायला मागे वजन तर काहीच नाही. म्हणून .२२ मध्ये उघडणं आणि खोल जाणं यांचं कायम भांडण असतं, मोठ्या कॅलिबरमध्ये दोन्ही थोडं थोडं मिळतं, इथे एक घ्या नाहीतर दुसरं. लोक जो १२ ते १८ इंचांचा आकडा सारखा तोंडावर फेकतात तो एफबीआयने १९८६ च्या मायामीतल्या गोळीबारानंतर स्वतःच्या सर्व्हिस पिस्तुलांसाठी ठरवला, छोट्या शिकारीशी किंवा तुमच्या प्रयोगाशी त्याचा संबंध नाही, ससा तेवढा जाडच नसतो. तरी तुलना करायचीच असेल तर एक गंमत बघा, फेडरल या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये छोट्या पिस्तुलांसाठी म्हणून खास .२२ एलआर काढली, पंच नावाची, २९ ग्रेनची, आणि तिला हॉलो पॉइंट दिलाच नाही, मुद्दाम चपट्या नाकाची आणि न उघडणारी ठेवली. ज्यांचा धंदाच गोळ्या विकायचा त्यांनी पण आखूड नळीसाठी भोक सोडून दिलं, यात तुमच्या पिस्तुलाच्या निकालाचं उत्तर आलं.

उलट टोक बघायचं तर .१७ एचएमआर नावाचं काडतूस. १७ ग्रेनची गोळी, २५५० फूट/सेकंद. तिथे उघडते का हा प्रश्नच नाही, ती पहिल्या इंच-दोन इंचातच चुरा होते. म्हणजे 'छोटं कॅलिबर उघडत नाही' असा नियम नाहीच, हळू गोळी उघडत नाही एवढंच. .२५ एसीपी हळू, ५० ग्रेन आणि ७६० फूट/सेकंदच्या आसपास, तिच्या हॉलो पॉइंटकडून मी काही अपेक्षा ठेवत नाही. .३२ एसीपीत अजून एक वेगळाच त्रास आहे, हॉलो पॉइंटची काडतुसं साध्यांपेक्षा थोडी आखूड असतात, त्यामुळे मॅगझिनमध्ये पुढे-मागे सरकायला जागा मिळते आणि या काडतुसाला बुडाशी बारीकशी रिम, म्हणजे बाहेर आलेली कड, असल्याने वरच्याची रिम खालच्याच्या रिममागे जाऊन अडकते, मग पिस्तूल जाम. जेलमधला फोटो कितीही सुंदर असला तरी चेंबरमध्ये न जाणाऱ्या गोळीचं काय करायचं. .२२ च्या ऑटोमॅटिकमध्येसुद्धा उघड्या शिशाचं बोथट नाक फीड रॅम्पला, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उताराला, घासून अडकतं, तर जेल ओतायच्या आधी त्या डब्यातल्या शंभरेक तरी नुसत्या कागदावर मारून बघा, ग्रुप कसा येतो, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात, तेही कळेल. छोट्या शिकारीत गोळी किती पसरली याच्यापेक्षा कुठे लागली याला जास्त किंमत आहे, आणि प्रत्येक .२२ रायफलची आपली एक आवड असते, तीच जातीची गोळी एकीत नाण्याएवढा ग्रुप देते आणि दुसरीत बशीएवढा.

वेग मोजण्याबद्दल दोन शब्द. ऑप्टिकल क्रोनोग्राफ नळीच्या फार जवळ ठेवला तर गॅस आणि न जळलेले पावडरचे कण त्यालाच गोळी समजून तो आकडा देतो, दहा-पंधरा फूट लांब ठेवा. ट्यूबलाइटखाली तो बावचळतो. रडारवाल्याला हे त्रास नाहीत. आणि रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या बुडाच्या कडेत प्रायमर (पावडर पेटवणारं मिश्रण) असलेल्या काडतुसांत, एका डब्यातच वेगाचा फरक चांगला जाणवण्याइतका असतो, पावडर इतकी कमी की कणभर कमी-जास्त झाली तरी फरक पडतो, त्यात प्रायमर कडेच्या रिममध्ये फिरवून बसवलेला. म्हणून सरासरीवर जाऊ नका. जेलमध्ये जाणाऱ्या प्रत्येक गोळीचा वेग त्याच वेळी मोजा आणि वहीत त्या गोळीपुढेच लिहा. पाच-सहा गोळ्या अशा लिहिल्यात की बहुतेक वेळा स्वच्छ दिसतं, अमुक आकड्याच्या वर सगळ्या उघडल्या, खाली सगळ्या बंद, मधल्या पट्ट्यात अर्धवट. हा मधला पट्टा शोधणं हेच हौशी टेस्टचं खरं कमावलेलं ज्ञान, तीन गोळ्या मारून 'ही बेस्ट' म्हणणं नाही.

गोळी काढताना ती कुठल्या दिशेला तोंड करून होती ते बघा. उघडलेली गोळी नाक पुढे ठेवूनच थांबते. न उघडलेली मात्र बऱ्याचदा वाटेत कोलांटी मारून बूड पुढे करून सापडते, कारण जेलमध्ये तिला सरळ ठेवायला फिरकी पुरत नाही आणि वजन मागच्या बाजूला जास्त. ती कोलांटी मारते तिथे मार्ग रुंद होतो आणि पुष्कळ जण त्यालाच उघडण्याची खूण समजतात. रुंद झालेली जागा सुरुवातीच्या इंचा-दोन इंचात असेल तर गोळी उघडलीय, मधेच पुढे असेल तर पलटलीय. व्यास मोजताना सगळ्यात रुंद आणि सगळ्यात अरुंद अशी दोन्ही मापं घेऊन सरासरी काढा, आणि वजन करा, वजन घटलं असेल तर तुकडे ब्लॉकमध्येच आहेत.

कुणीतरी साध्या गोळीच्या नाकात भोक पाडून बघू का असंही विचारलंय. नका. भरलेल्या काडतुसावर अवजार चालवणं मूर्खपणा आहे, कडेला सगळीकडे प्रायमर आहे. आणि भोक केंद्रापासून केसभर सरकलं तरी गोळी डगमगत जाते, मग ब्लॉकला लागली तरी नशीब.

बंदोबस्ताचं म्हणाल तर ब्लॉक हा बॅकस्टॉप नाही. .२२ ची गोळी वाकडी होऊन ब्लॉकच्या बाजूने किंवा वरून बाहेर पडते, हे अपवादाने नाही नेहमी होतं, म्हणून मागे आणि दोन्ही बाजूंना मातीचा बांध असलेल्या अधिकृत रेंजवरच हे करा, डोळ्यांना चष्मा आणि कानांना मफ घालून. आखूड नळीतून सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाची गोळी, मारत असाल आणि एखादा आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर थांबा, नळी रिकामी आहे का ते बघितल्याशिवाय पुढची मारू नका.

आणि जेल परत वितळवताना स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका, त्यात शिशाचा बारीक चुरा असतो जो डोळ्यांना दिसत नाही. वेगळं पातेलं, वेगळी गाळणी, हात साबणाने धुवायचे, आणि गाळणीत राहिलेला गाळ डबीत बंद करून ठेवायचा, बेसिनमध्ये ओतायचा नाही.